एलिनॉरला मोठं करायला अमेलिया लहान कशाला करायची?

जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने प्रशांत महासागराच्या तळाचं, ध्वनिलहरींनी टिपलेलं एक धूसर ‘सोनार’ चित्र जाहीर केलं. सुमारे 16,000 फूट खोलीवर विमानासारखा काहीतरी आकार दिसत होता. अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्ट हिचं 1937 पासून बेपत्ता असलेलं विमान सापडलं म्हणून जगभर गाजावाजा झाला. नोव्हेंबरमध्ये जवळ जाऊन पाहिलं, तर तो खडक निघाला. असं दर काही वर्षांनी होतं आणि दर वेळी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू हळहळते. दुसरी म्हणते, हिला उगाच डोक्यावर घेतलंय, प्रकाशक नवऱ्याने फुगवलेला हा फुगा, खरी वैमानिक होती एलिनॉर स्मिथ, आणि तिचं नावही कुणाला माहीत नाही. आपल्याकडे हाच सूर थोड्या वेगळ्या कपड्यांत भेटतो. एखाद्या तरुण महिला वैमानिकाने गणवेशातलं रील टाकलं की खाली ठरलेला शेरा येतो, ‘ताई, विमान चालवा, कॅमेऱ्याचं आम्ही बघू.’

एलिनॉर स्मिथ ही अमेलियापेक्षा सरस वैमानिक होती, हे मी आधीच मान्य करून टाकतो. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे कौशल्य एका बाजूला, प्रसिद्धी दुसऱ्या बाजूला आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहिली ती कमअस्सल, हा मला साफ चुकीचा वाटतो. 1930 च्या आसपास विमान उडवू पाहणाऱ्या बाईसाठी जाहिरात, व्याख्यान, मासिकातला लेख आणि रेडिओचा माइक यांतूनच पेट्रोलचं बिल भागत होतं. अमेलियाला हे ठाऊक होतं. एलिनॉरला तर त्याहून लवकर कळलं होतं.

तिची हकीकत नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिचं नाव घेणाऱ्यांपैकी फार थोडे ती पाहतात. जन्म 1911 चा, बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं. वडील टॉम स्मिथ हे वॉडव्हिलचे नट, म्हणजे गावोगाव फिरून नाच-गाणी-विनोदाचे खेळ करणारे. सहा वर्षांची असताना एका बटाट्याच्या शेतात उतरलेल्या विमानातून ती पहिल्यांदा वर गेली. पंधराव्या वर्षी एकटीने विमान उडवलं. पुढे काही महिन्यांतच 11,889 फुटांवर पोचून तिने महिलांचा उंचीचा विक्रम केला. सोळाव्या वर्षी परवाना मिळाला, त्यावर सही ऑर्व्हिल राइटची. आणि ऑक्टोबर 1928 मध्ये, वय वर्षं सतरा, एका वैमानिकाने डिवचलं म्हणून ती न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरच्या चारही पुलांखालून विमान घेऊन गेली. क्वीन्सबरो, विल्यम्सबर्ग, मॅनहॅटन आणि शेवटी ब्रुकलिन. शेवटच्या पुलाखाली नौदलाचं जहाज आडवं आलं, तेव्हा तिने विमान कुशीवर कलंडवून उरलेल्या फटीतून बाहेर काढलं. चारही पूल एका दमात पार करणारं दुसरं कुणी पुढे झालं नाही.

आता ‘निखळ कौशल्य’वाल्यांनी जरा थांबावं. त्या दिवशी न्यूजरीलवाल्यांचे कॅमेरे तयार होते. पुलांखालून जाणं ही वाहतुकीची गरज नव्हती, ती एक करामत होती आणि करामतीला प्रेक्षक लागतो. नटाच्या पोरीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. काही दिवस तिचं उड्डाण बंद केलं गेलं, पण नाव घराघरांत गेलं आणि त्या नावामुळेच पुढची विमानं हाताशी आली. 1929 च्या जानेवारीत उघड्या कॉकपिटमध्ये, न्यूयॉर्कच्या थंडीत, ती तेरा तासांहून जास्त वेळ हवेत राहिली. एप्रिलमध्ये सव्वीस तास. नोव्हेंबरमध्ये बॉबी ट्राउट या दुसऱ्या महिला वैमानिकाबरोबर बेचाळीस तास, तेही हवेतल्या हवेत इंधन भरून घेत. हे शेवटचं प्रकरण काय असतं याची कल्पना करा. वर दुसरं विमान, त्यातून लोंबणारा होज, तो हातांनी पकडायचा, टाकीत घालायचा आणि तेवढा वेळ दोन्ही विमानं एकमेकांना न भिडता समांतर ठेवायची. ऑटोपायलट नाही, टॉयलेट नाही, झोप नाही. त्याच वर्षी आयर्विन या पॅराशूट कंपनीने तिला देशभर प्रात्यक्षिकं करायला नेमलं. 1930 मध्ये अमेरिकेतल्या परवानाधारक वैमानिकांनी मतदान करून तिला सर्वोत्तम महिला वैमानिक ठरवलं. पुरुषांमध्ये तो मान जिमी डूलिटलला मिळाला. अमेलिया तेव्हा चांगलीच प्रसिद्ध होती, आणि तरीही धंद्यातल्या लोकांनी मत एलिनॉरला दिलं.

आणि हीच एलिनॉर एनबीसी रेडिओसाठी बोलायची. आंतरराष्ट्रीय उड्डाणांची, विमानविद्येतल्या घडामोडींची बातमी ती श्रोत्यांना सांगायची, कॉकपिटमधून प्रसारणही करायची. ‘लिबर्टी’ मासिकाची ती विमानविषयक संपादक होती. व्हीटीज या न्याहारीच्या खोक्यावर तिचं चित्र छापलं गेलं. म्हणजे ज्या बाईला आपण प्रसिद्धीच्या विरोधातली साक्षीदार म्हणून उभं करतो, ती स्वतः माइक, मासिक आणि खोकं या तिन्ही ठिकाणी हजर होती. यात तिला काही कमीपणा वाटल्याचं दिसत नाही. मग तिच्या वतीने तो आपल्याला का वाटावा?

तो वाटतो, कारण त्या काळच्या बाईपुढे दुसरा रस्ता काय होता हे आपण विचारतच नाही. एअरलाइनमध्ये नोकरी करायची, हे उत्तर आज सुचतं. तेव्हा ते एकीने करून पाहिलं. हेलन रिची. 31 डिसेंबर 1934 रोजी सेंट्रल एअरलाइन्ससाठी तिने पहिलं नियमित प्रवासी उड्डाण केलं. ती उत्तम वैमानिक होती, शर्यती आणि विक्रम दोन्ही खात्यांवर जमा होते. वैमानिकांच्या संघटनेने तिला सदस्यत्व नाकारलं. सरकारी खात्याकडून कंपनीला सूचना आली की हिला हवा खराब असताना उडू देऊ नका. महिन्यातून मोजकीच उड्डाणं वाट्याला येऊ लागली, बाकी वेळ छायाचित्रांसाठी उभं राहायचं. 1935 संपण्याआधी तिने राजीनामा दिला. त्यानंतर अमेरिकेतल्या एअरलाइनने बाईला वैमानिक म्हणून घ्यायला 1973 उजाडलं. मधली अडतीस वर्षं! कौशल्य असलं की संधी चालत येते, हे सुभाषित रिचीच्या समोर म्हणून दाखवायची कुणाची हिंमत आहे? आणि रिचीच्या बाजूने त्या वेळी जाहीरपणे तोंड उघडणाऱ्यांत कोण होतं, तर हीच ‘फुगवलेली’ अमेलिया. तिचं म्हणणं वर्तमानपत्रांत छापून आलं ते तिच्या नावामुळेच.

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र पोकळ नाहीत. 1928 मध्ये अमेलियाने अटलांटिक ओलांडला तो प्रवासी म्हणून. विमान विल्मर स्टल्ट्झने चालवलं, सोबत मेकॅनिक लू गॉर्डन. ती स्वतःच म्हणाली होती की आपण बटाट्याच्या पोत्यासारखं सामान होतो. तरी मिरवणुका निघाल्या तिच्या. या उड्डाणासाठी ‘योग्य’ बाई शोधणाऱ्यांत जॉर्ज पुटनम होता, पुढे तोच तिचा नवरा झाला. व्याख्यानं, लेख, सामानाच्या पेट्या, कपडे, सगळ्यावर तिचं नाव लावण्याचं गणित त्याचं. एलिनॉरने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत तर असा आरोप आहे की पुटनमने तिला पैशाचा करार देऊ केला, अट अशी की विमान तिने चालवायचं आणि नाव अमेलियाचं होऊ द्यायचं. तिने नकार दिला, त्यावर त्याने तुझी कारकीर्द संपवीन असं बजावलं. ही एका बाजूची साक्ष आहे, घटनेनंतर पन्नास वर्षांनी दिलेली. पण पुटनमचा एकूण स्वभाव पाहता ती हसण्यावारी नेण्यासारखी मला वाटत नाही.

हे सगळं खरं धरलं तरी त्यातून फार तर पुटनम कसा होता हे सिद्ध होतं. अमेलियाने त्या उसन्या प्रसिद्धीचं काय केलं? मे 1932 मध्ये ती न्यूफाउंडलंडच्या हार्बर ग्रेसहून एकटी निघाली. वाटेत उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं, पंखांवर बर्फ साचून विमान गरगरत खाली आलं, एक्झॉस्टच्या फुटलेल्या सांध्यातून ज्वाळा दिसत राहिल्या. पंधरा तासांच्या आत-बाहेर ती उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली बाई. पोत्याचा हिशेब तिने असा चुकता केला. जानेवारी 1935 मध्ये होनोलुलूहून ओकलंडला, पुन्हा एकटी, 2,400 मैल पाण्यावरून. त्या रात्री होनोलुलूच्या रेडिओ केंद्राचं संगीत ऐकत ती चालली होती. मध्येच निवेदकाने कार्यक्रम थांबवला आणि नवऱ्याचा निरोप आला की इंजिनाच्या आवाजात तुझं बोलणं नीट कळत नाही, जरा मोठ्याने बोल. बाई समुद्रावर एकटी, आणि नवरा अख्ख्या बेटांच्या साक्षीने आवाज वाढवायला सांगतोय. पुटनम हा काय इसम होता ते या एका प्रसंगात येतं.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र ते स्वतःच क्वचित मांडतात. तो रेडिओचाच आहे. माइकपुढे सराईत असलेली ही बाई 2 जुलै 1937 रोजी रेडिओच्या बाबतीतच कमी पडली. न्यू गिनीतल्या लाए इथून हॉवलंड बेटाकडे जाताना, सुमारे 2,550 मैलांवरचा तो जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांबीचा चिंचोळा ठिपका गाठायचा होता. बेटाजवळ ‘इटास्का’ हे तटरक्षक दलाचं जहाज वाट पाहत होतं. जहाजावर तिचा आवाज येत होता, शेवटी शेवटी तर इतका स्पष्ट की ती डोक्यावर आली असावी असं वाटून खलाशी डेकवर धावले. पण जहाजाचं बोलणं तिला ऐकू जात नव्हतं. त्यांनी पाठवलेले एका फ्रिक्वेन्सीवरचे संकेत तिला मिळाले, तर तेवढ्या उच्च फ्रिक्वेन्सीवर तिचं दिशाशोधक यंत्र दिशा पकडू शकत नव्हतं. खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी उपयोगी पडली असती ती मागे सोडायची लांब अँटेना मायामीतच काढून ठेवलेली. ती आणि विमानाची वाट आखणारा तिचा नॅव्हिगेटर फ्रेड नूनन, दोघांनाही मोर्स संकेत बेताचेच येत. रेडिओचा जाणकार हॅरी मॅनिंग मार्चमधल्या होनोलुलूच्या अपघातानंतर मोहिमेतून बाहेर पडला होता, त्याच्या जागी कुणी घेतलं नाही. हा तयारीतला ढिसाळपणा आहे आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. एलिनॉरने ही चूक केली नसती, असं मला मनापासून वाटतं.

मात्र याच मापाने पुरुषांना कधी मोजलंय का? ऑस्ट्रेलियाचा चार्ल्स उल्म डिसेंबर 1934 मध्ये होनोलुलू शोधता शोधता समुद्रात गेला, विमानात रेडिओ असून. ऑस्ट्रेलियाचाच चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ नोव्हेंबर 1935 मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ नाहीसा झाला. सिडनीच्या विमानतळाला आज त्याचं नाव आहे. वायली पोस्ट, जगाला एकट्याने पहिली विमानफेरी मारणारा, वेगवेगळ्या विमानांचे भाग जोडून बनवलेलं आणि नाकाकडे जड झालेलं विमान घेऊन अलास्कात गेला आणि विनोदवीर विल रॉजर्ससह मेला. यांच्याबद्दल ‘ढिसाळपणा भोवला’ असं लिहितात, आणि ते योग्यच आहे. ‘हा वैमानिकच नव्हता, प्रसिद्धीचं बाहुलं होता’ असं कुणी लिहीत नाही. लिंडबर्ग तर 1927 मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडल्यानंतर त्याच विमानातून अठ्ठेचाळीसही राज्यांत फिरला, गावोगाव भाषणं केली, पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये म्हणून रेडिओवरून देशाला उद्देशून बोलला. त्या भाषणांतल्या विचारांवर टीका झाली, व्हायलाच हवी होती. पण माइक धरला म्हणून त्याच्या वैमानिकपणावर शंका कुणी घेतली? आणि तो त्या वर्षीचा सर्वांत कुशल वैमानिक होता का, हा प्रश्न तरी कुणी मतदानाला टाकला?

मराठी वाचकाला यात आपल्या घरचं काही ओळखू यायला हवं. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविशी गाठण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. प्रत्यक्ष वैद्यकी करायला वेळच मिळाला नाही. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत, राजकोट इथे दशकानुदशकं रुग्ण तपासत राहिल्या. आनंदीबाईंवर मालिका, नाटक, सिनेमा, आणि रखमाबाईंचं नाव परवा-परवापर्यंत अभ्यासकांपुरतं. ‘खरी डॉक्टर कोण’ हा वाद आपल्याकडेही अधूनमधून झडतो, गोपाळरावांना पुटनमच्या जागी बसवून. पण बंगालमधल्या श्रीरामपूरला 1883 मध्ये सभेपुढे उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगणं ही आनंदीबाईंची कृती होती, नवऱ्याची नव्हे. आणि रखमाबाई काय गप्प बसून डॉक्टर झाल्या? 1885 मध्ये ‘अ हिंदू लेडी’ या सहीने त्यांची पत्रं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली, बालविवाहावर त्यांनी कोरडे ओढले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल लागला तेव्हा हिंदुस्थान आणि इंग्लंड दोन्हीकडची वर्तमानपत्रं त्यांच्या खटल्याने भरली होती. त्या गाजावाजामुळे त्यांच्या बाजूने माणसं आणि पैसा उभा राहिला, आणि त्यातून लंडनचं शिक्षण शक्य झालं. प्रसिद्धी वजा करा, मग ना आनंदीबाई उरतात ना रखमाबाई.

मग एलिनॉर विस्मरणात का गेली? अमेलियाने तिची जागा बळकावली म्हणून, हे सोपं उत्तर आहे. मला तीन कारणं दिसतात आणि त्यांत अमेलियाचा दोष फारसा नाही. गायब झालेल्या माणसाची गोष्ट संपत नाही. नव्वदी ओलांडून 2010 मध्ये अंथरुणावर मरण पावलेल्या माणसाचा शोध घ्यायला पाणबुडी लागत नाही. दुसरं, तिने 1933 मध्ये पॅट्रिक सुलिव्हन या राजकारण्याशी लग्न केलं, चार मुलं झाली, आणि ऐन भरात असताना उडणं थांबवलं. यावर ‘बघा, शेवटी चूलच’ असं नाक मुरडणारेही भेटतात. नवऱ्याच्या मृत्यूनंतर, 1956 च्या पुढे, ती पुन्हा कॉकपिटमध्ये बसली आणि जेट विमानं चालवली. 2000 मध्ये, 88 व्या वर्षी, तिने नासाच्या सिम्युलेटरवर स्पेस शटल उतरवून दाखवलं. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याचा उल्लेख जवळजवळ कुणी करत नाही. त्या वर्षांतलं रेडिओप्रसारण बहुतेक थेट असायचं, ध्वनिमुद्रण क्वचित. विक्रमाचा आकडा नोंदवहीत राहतो, 32,576 फूट म्हणून 1931 साली लिहिलेला आजही वाचता येतो. त्याच्या आधीच्या प्रयत्नात ऑक्सिजनची नळी निकामी होऊन ती बेशुद्ध पडली होती आणि जमीन जवळ आल्यावर शुद्धीवर आली, हेही नोंदलेलं आहे. पण माइकवर ती काय बोलली ते हवेत गेलं. अमेलियाने पुस्तकं लिहिली, पुटनमने ती छापली, म्हणून तिचे शब्द टिकले. म्हणजे एलिनॉरची तक्रार करायचीच तर ती जास्त प्रसिद्धीबद्दल नाही, तिच्या बोलण्याचं जतन झालं नाही याबद्दल करावी लागेल. ‘कमी बोला, जास्त उडा’ म्हणणारे नेमका उलटा धडा काढून बसलेत.

आता रीलवर परत येतो. तेव्हा दुसरा रस्ता नव्हता, आज आहे, मग हा सोस कशाला, असा प्रतिवाद होईल. अर्धा बरोबर आहे. भारतात आज वैमानिकांमध्ये सुमारे 15 टक्के महिला आहेत, जागतिक सरासरीच्या जवळपास तिप्पट. 1985 मध्ये सौदामिनी देशमुख यांनी फॉकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, कॉकपिटमध्ये दोघीही महिला होत्या, तेव्हा ती राष्ट्रीय बातमी होती. आज प्रवासी घोषणेत बाईचा आवाज ऐकून मान वर करत नाहीत. पण वैमानिक होण्याचा खर्च लाखांच्या घरात, कर्ज घरावर काढायचं, आणि तालुक्याच्या गावातल्या मुलीला हे क्षेत्र दिसतं तरी कुठे? शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यावर? तिला पहिल्यांदा ते फोनवरच दिसतं, आपल्यासारखंच बोलणाऱ्या कुणा ताईच्या रीलमध्ये. तिने त्यातून कर्जाचा हप्ता काढला तरी माझी हरकत नाही. एलिनॉरने न्याहारीच्या खोक्याचे पैसे घेतलेच होते.

राहिला सुरक्षेचा प्रश्न. तो खरा आहे आणि तो बाईचा किंवा पुरुषाचा नाही. 10,000 फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज दुसरं बोलायचं नाही, दुसरं काही करायचं नाही, हा नियम 1981 पासून अमेरिकेत आहे आणि जगभर पाळला जातो. उड्डाणाच्या त्या टप्प्यात ज्याने फोन हातात घेतला त्याचं उड्डाण बंद करा, मिशा असोत वा नसोत. पुलांखालून गेलेल्या सतरा वर्षांच्या पोरीलाही न्यूयॉर्कने तेच केलं होतं. शिक्षा भोगली की ती पुन्हा उडाली, आणि पुढे रेडिओवरही बोलली.